पळत्या सावजासाठी रायफलचा दस्ता: आधी गाल, मग मूठ

प्रश्न असा आहे: बोल्ट अॅक्शन रायफल (दर गोळीनंतर बोल्ट हाताने मागेपुढे करायची), १-६ पट मोठं दाखवणारा स्कोप, बाकावरून १०० मीटरला व्यवस्थित गट, म्हणजे गोळ्या जवळजवळ पडतात. पण ५० मीटरवर पळत्या डुकराच्या लक्ष्यावर स्कोप उतरवून उघड्या साईटने मारलं की गोळ्या लक्ष्याच्या वर आणि मागे पडतात. दस्ता, म्हणजे खांद्याला आणि गालाला टेकणारा भाग, बदलायचा आहे. उभ्या पिस्टल ग्रिपचा (पिस्तुलासारख्या मुठीचा) घ्यावा की थंबहोल (मुठीत अंगठ्यासाठी भोक असलेला)?

ग्रिपचा निर्णय थोडा बाजूला ठेवा. ‘वर’ आणि ‘मागे’ या दोन वेगळ्या तक्रारी आहेत आणि त्यातली एकही मुळात मुठीची नाही. दोन्हींचं मूळ गाल जिथे टेकतो तिथे आहे. दस्त्याच्या त्या वरच्या कडेला कॉम्ब म्हणतात. पुढे हाच शब्द वापरतो.

‘वर’ का, ते आधी. आजचे बहुतेक दस्ते स्कोपसाठी घडवलेले असतात. नळीच्या मध्यरेषेपासून स्कोपची मध्यरेषा साधारण ४० ते ४५ मिमी वर असते आणि उघड्या साईटची दृष्टिरेषा जेमतेम २० मिमी वर. म्हणजे दोन्हींत २० ते २५ मिमीचा फरक. कॉम्ब स्कोपच्या उंचीला बरोबर असेल, तर उघड्या साईटसाठी डोळा खाली येतच नाही. निवांत वेळ असला तर गाल दाबून, मान वाकवून जमवता येतं. लक्ष्य पळत असताना मात्र डोळा मागच्या साईटच्या खाचेवरून बघतो आणि पुढच्या साईटचं टोक, म्हणजे माशी, खाचेत बसायच्या ऐवजी वर डोकावते. दोन साईटमधलं अंतर ४५ सेंमी धरा आणि माशी फक्त २ मिमी वर राहिली समजा. ५० मीटरवर गोळी २२ सेंमी वर जाते. डुकराच्या पाठीवरून जायला तेवढं पुरे.

तेव्हा पहिला सल्ला फुकटचा. स्कोप काढूच नका, १ पटावर ठेवा आणि दोन्ही डोळे उघडे ठेवून मारा. किंवा शक्य तितक्या बुटक्या माउंटवर रेड डॉट (लाल ठिपक्याची साईट) बसवा आणि दस्ता त्याच रेषेला जुळवा. एका दस्त्यावर दोन दृष्टिरेषा सांभाळायच्या तर कॉम्ब वरखाली होणारा हवा. तो बदलायला वेळ लागतो आणि ऐन वेळी नेमका चुकीच्या उंचीवर सापडतो.

आता ‘मागे’. लक्ष्य सेकंदाला ८ मीटर वेगाने आडवं पळतंय आणि ५० मीटरवर आहे असं धरू. गोळीला तिथे पोचायला ०.०६५ सेकंदाच्या आसपास लागतात. तेवढ्यात लक्ष्य अर्धा मीटर पुढे जातं. हा झाला लीड, म्हणजे लक्ष्याच्या जितकं पुढे नेम धरायचा ते अंतर; तो शिकता येतो. पण चाप ओढायचं ठरवल्यापासून गोळी सुटेपर्यंतच्या ०.२ सेकंदात नळी थांबली, तर आणखी १.६ मीटर हातचे गेले. मागे पडणाऱ्या बहुतेक गोळ्या लीडच्या चुकीने पडत नाहीत. नळी थांबते म्हणून पडतात. आणि नळी थांबते कारण नेमबाज शेवटच्या क्षणी साईट ‘तपासतो’. तपासतो, कारण डोळा जागेवर आला याची त्याला खात्री नसते. न बसणारा दस्ता माणसाला तपासायला लावतो, इतकं सरळ आहे हे.

म्हणून पळत्या सावजाच्या दस्त्याची परीक्षा एकच. डोळे मिटून रायफल खांद्याला लावा, गाल टेकवा, डोळे उघडा. डॉट किंवा क्रॉसहेअर (स्कोपमधली फुली) पूर्ण आणि मधोमध दिसायला हवा, स्कोपच्या कडेला काळी चंद्रकोर दिसता कामा नये. दहापैकी आठ-नऊ वेळा असं झालं तर दस्ता तुमचा. चार वेळा झालं तर दस्ता दुसऱ्याचा आहे, मग लाकूड कितीही सुंदर असो.

बाकावर हे का कळत नाही? बाकावर डोकं रायफलकडे जातं. मान पुढे झुकलेली असते आणि गाल कॉम्बच्या पुढच्या भागावर बसतो. उभं राहून मारताना रायफल डोक्याकडे येते. मान ताठ असते आणि गाल ३ ते ५ सेंमी मागे पडतो. कॉम्ब मागे उतरता असेल तर तिथली उंची कमी भरते. शिवाय बाकावर हवा तितका वेळ असतो आणि त्या वेळात माणूस दस्त्याची प्रत्येक खोड नकळत सुधारून घेतो.

मापं घ्यायची पद्धत सांगतो. रायफल रिकामी करा, मॅगझीन काढा, चेंबरमध्ये (काडतूस बसतं त्या भागात) बोट घालून खात्री करा, आणि काडतुसं दुसऱ्या खोलीत ठेवा. ज्या कपड्यात मारायचं तेच जॅकेट घाला. पातळ शर्टात बसवलेला दस्ता जाड जॅकेटवर १० ते १५ मिमी लांब भासतो. ही चूक इतकी सर्रास होते की मापं घेताना आधी कपडेच विचारावेत.

कॉम्बची उंची मोजायला सरळ समोर बघत उभे राहा. गालाच्या हाडाच्या खालच्या कडेला एक पट्टी आडवी धरा आणि तिथून बाहुलीच्या मध्यापर्यंतचं उभं अंतर जोडीदाराला मोजू द्या. बहुतेक चेहऱ्यांत ते ४० ते ५५ मिमी भरतं. गाल दबतो, त्याचे ३ ते ४ मिमी वजा करा. आता रायफलवर स्कोपच्या मध्यापासून खाली, गाल खरोखर जिथे पडतो त्या जागी, कॉम्बपर्यंत मोजा. दोन आकड्यांत ५ मिमीपेक्षा जास्त फरक असेल तर काम तिथूनच सुरू करा. उदाहरणार्थ चेहऱ्याचं माप ४६, दाब वजा जाता ४२, आणि रायफलवर ५५. म्हणजे कॉम्ब १३ मिमी कमी आहे आणि तुम्ही गाल नव्हे, जबडा टेकवून मारताय.

उंची वाढवताना कायमचं काही करू नका. ३ मिमीच्या दाट फोमचे तुकडे कापा, एकावर एक ठेवून कापडी टेपने गुंडाळा. एका वेळी एकच थर चढवा आणि प्रत्येक थरानंतर डोळे मिटून दहा वेळा रायफल लावा. उंची पटली की काही आठवडे तशीच वापरा, मगच लाकडाचं किंवा गालपट्टीचं काम करून घ्या. बोल्ट पूर्ण मागे ओढून बघायला विसरू नका. बोल्टच्या मागच्या टोकाखालून कॉम्ब किमान २ मिमी मोकळा हवा. उंच कॉम्ब पुढपर्यंत नेला तर बोल्ट अडतो, म्हणून असल्या दस्त्यांत पुढे खाच असते किंवा उंचवटा मागून सुरू होतो.

उंचीइतकाच कॉम्बचा उतारही महत्त्वाचा. रायफल धक्क्याने मागे येते. मागे उतरत्या कॉम्बवर गालाखालून आधी पुढचा, म्हणजे उंच भाग सरकतो, आणि गालाला पाचरीसारखा मार बसतो. दोन-तीन दिवसांत माणूस गोळी सुटण्याआधीच डोकं उचलायला लागतो. मग पुन्हा वर आणि मागे. कॉम्ब नळीला समांतर असेल तर तो गालाखालून नुसता घसरतो. पुढे किंचित उतरता असेल तर आणखी बरं, कारण धक्क्यात तो गालापासून दूर जातो. मॉन्टे कार्लो (उंचावलेल्या कॉम्बच्या) घडणीत बरेचदा हाच उतार असतो, आणि गालपट्टी मागे उंच का, याचं उत्तरही तेच. जर्मन घडणीचे जुने दस्ते मधोमध फुगीर असतात. त्यांना तिकडे ‘डुकराची पाठ’ म्हणतात. दिसायला झकास, पण गाल फुगवट्याच्या नेमका कुठे पडतो त्यावर सगळं ठरतं. दुसऱ्याच्या हातात तो उत्तम चालला म्हणून तुमच्या हातात चालेलच असं नाही.

आता लांबी. चापापासून बटच्या, म्हणजे खांद्याला टेकणाऱ्या मागच्या टोकाच्या, मध्यापर्यंतच्या अंतराला लेंग्थ ऑफ पुल म्हणतात. कारखान्याच्या रायफलींत ती ३४५ ते ३६५ मिमीच्या आसपास असते. कोपर वाकवून बट कोपराच्या बेचक्यात ठेवायचा आणि चापापर्यंत बोट पोचतं का बघायचं, ही जुनी चाचणी विसरून जा. तिच्यात ना मानेची लांबी मोजली जाते, ना छातीची रुंदी, ना कपडे. रायफल खांद्याला लावा आणि ग्रिपवरच्या हाताचा अंगठा आणि नाक यांच्यातलं अंतर बघा. दोन ते तीन बोटं, म्हणजे ३५ ते ५० मिमी असावं. त्याहून कमी असेल तर धक्क्यात अंगठा नाकावर येतो. बरंच जास्त असेल तर बट काखेत अडकतो, रायफल पुढे ढकलून मग मागे ओढावी लागते आणि त्यात अर्धा सेकंद जातो.

पळत्या सावजासाठी दोन मापांत मन अडलं तर आखूड घ्या. ५ मिमी आखूड दस्ता थोडा कमी आरामदायी असतो, पण ५ मिमी लांब दस्ता कपड्यात अडकतो. मर्यादा एकच: स्कोप आणि डोळा यांच्यातलं अंतर. ते स्कोपच्या माहितीपत्रकात दिलेलं असतं, साधारण ९० मिमी. दस्ता आखूड केला की स्कोप तेवढाच पुढे सरकवा, नाहीतर चढावर मारताना भुवई फुटते.

कापायचं ठरलं तर घाई नको. बटला लावायच्या रबर पॅडची जाडी आणि करवतीचे १ ते २ मिमी आधी वजा करा. कापायच्या रेषेवर मास्किंग टेप गच्च गुंडाळा, त्याच्यावर धारदार सुरीने रेघ ओढा, बारीक दातांची करवत वापरा आणि शेवटचे काही मिमी अगदी हलक्या हाताने कापा, म्हणजे कड फुटत नाही. उघडं पडलेलं लाकूड व्हार्निशच्या किंवा पातळ इपॉक्सीच्या दोन थरांनी बंद करा. ते राहिलं तर ओलावा तिथूनच आत शिरतो.

पॅडबद्दल एक बारीक पण महागात पडणारी गोष्ट. मऊ, चिकट रबर बाकावर छान वाटतं, पण जॅकेटला पकडतं. रायफल खालून वर येताना बटचं वरचं टोक काखेखाली अडकतं आणि बट खांद्यावर बसायच्या ऐवजी दंडावर बसतो. वरच्या टोकाची कड १० ते १२ मिमी त्रिज्येने गोल घासा आणि तेवढ्या भागावर गुळगुळीत टेप किंवा चामडं लावा. काही पॅडना तिथे कडक प्लास्टिकचा तुकडा मुळातच असतो. बाकी पॅड मऊच राहू द्या. या अर्ध्या तासाच्या कामाने जेवढा वेग वाढतो तेवढा नव्या दस्त्याने वाढेलच याची हमी नाही.

पिच म्हणजे बटच्या पृष्ठाचा नळीशी असलेला तिरकेपणा. खांद्याकडून छातीकडे शरीर पुढे येत जातं, म्हणून बटचं खालचं टोक थोडं पुढे कापलेलं असतं. पिच कमी असेल तर फक्त खालचं टोक छातीत रुततं आणि धक्क्याने नळी उसळते. जास्त असेल तर बट खांद्यावरून वर सरकतो आणि कॉम्ब गालावर आदळतो. बट खांद्याला सर्व बाजूंनी टेकतो का ते जोडीदाराला बाजूने बघू द्या. फट वर दिसली तर पिच वाढवायला हवी, खाली दिसली तर कमी करायला. कापायची गरज नाही. पॅड आणि दस्ता यांच्यात स्क्रूपाशी वॉशर घालून बघा. १३० मिमी उंचीच्या बटवर एका टोकाला २ मिमीचा वॉशर म्हणजे जवळजवळ १ अंशाचा फरक. खालच्या टोकाला वॉशर घातला की पिच कमी होते, वरच्या टोकाला घातला की वाढते. भरदार छातीच्या माणसांना, आणि बहुतेक स्त्रियांना, खालचं टोक नुसतं पुढे कापून भागत नाही. ते किंचित बाहेरच्या बाजूलाही वळवावं लागतं.

तिथून कास्ट. उजव्या हाताच्या नेमबाजासाठी बट नळीच्या रेषेपासून किंचित उजवीकडे झुकवलेला असतो, साधारण ३ ते ६ मिमी, खालच्या टोकाला थोडा जास्त. बाजारातल्या पुष्कळ रायफलींत कास्ट शून्य असते. रुंद खांद्याच्या किंवा भरलेल्या गालाच्या माणसाचा डोळा मग रेषेच्या डावीकडे राहतो. त्याच्या गोळ्या डावीकडे जातात, आणि तो साईट फिरवत बसतो. लाकडी दस्ता त्याच्या मानेशी, म्हणजे मूठ धरायच्या अरुंद भागाशी, तापवून वाकवता येतो. पण एकसंध दस्त्यात तिथेच अॅक्शनची (नळीमागच्या बोल्टच्या यंत्रणेची) खाच आणि मागचा स्क्रू असतो, त्यामुळे हे काम जाणत्या कारागिराचंच. कृत्रिम दस्ता वाकत नाही. त्यात गालाच्या बाजूने कॉम्बची जाडी ३ मिमी घासणं, किंवा पॅड तेवढाच बाजूला सरकवून बसवणं, एवढंच हाती असतं. दोन तुकड्यांच्या दस्त्यांबरोबर कधी कधी शिम (मध्ये घालायचे पातळ तुकडे) मिळतात. मिळाले असतील तर आधी ते वापरून बघा, फुकटात काम होतं.

आता तुमचा मूळ प्रश्न, ग्रिप. उभी, घट्ट वळणाची पिस्टल ग्रिप पोटावर झोपून किंवा बाकावरून मारायला घडवलेली असते. तिथे कोपर खाली असतो आणि मनगट त्या कोनात सरळ राहतं. उभं राहून स्विंग करताना, म्हणजे लक्ष्यासोबत नळी फिरवताना, उजवा कोपर बाजूला, जमिनीशी साधारण ४५ अंशांत उचलला जातो. तसा उचलला की खांद्यात बट बसायला खळगा तयार होतो. उभी ग्रिप धरून कोपर उचलायला गेलं तर मनगट मुरडतं. मग नेमबाज कोपर खाली सोडतो, खळगा नाहीसा होतो, आणि बट बाहेर दंडाकडे घसरतो. पुढच्या गोळीला गाल पुन्हा वेगळ्या जागी.

दुसऱ्या टोकाला सरळ इंग्लिश मान. ती सगळ्यात चपळ. हात पुढेमागे सरकतो, कोपर आपसूक वर येतो. दोन चापांच्या दुनळी रायफलवर तिचा उपयोग आहे. पण जोरदार धक्क्याच्या रायफलवर तळहाताला मागे आधार नसतो, मधलं बोट ट्रिगर गार्डवर आदळतं आणि रायफल हातात घसरते.

मधला मार्ग म्हणजे मोकळ्या, लांब वळणाची पिस्टल ग्रिप. मापाने सांगायचं तर ग्रिपचं वळण चापापासून इतकं मागे हवं की तर्जनीच्या पहिल्या पेराचा गुबगुबीत भाग चापावर काटकोनात बसेल आणि मधलं बोट ट्रिगर गार्डपासून ५ ते ८ मिमी मागे राहील. मानेचा घेर ११५ ते १३० मिमी. त्याहून जाड झाली तर बोटं पुरत नाहीत आणि मूठ आवळावी लागते. आवळलेली मूठ स्विंगला ब्रेक लावते. ग्रिपवर तळहातासाठी फुगवटा असेल तर छोटा असावा, आणि तो सेफ्टीपर्यंत अंगठा पोचवू देतो का ते बघा. पकडीच्या नक्षीला इंचाला १८ ते २२ रेघा ठीक. त्याहून बारीक नक्षी छान दिसते पण ओल्या हातात निसटते.

लाकूड घेत असाल तर मानेवरची शीर, म्हणजे लाकडाच्या तंतूंची दिशा, बघा. ती मानेच्या वळणासोबत लांबीने गेलेली हवी. मानेला आडवी छेदून जाणारी शीर म्हणजे पहिल्या आपटण्यालाच दोन तुकडे. बटवर ढगाळ, वळणदार रेषा असोत, शोभतात. मानेवर नकोत.

थंबहोल चांगला की वाईट याचं एका शब्दात उत्तर नाही. पळत्या लक्ष्याच्या स्पर्धेत थंबहोल आणि उंच कॉम्बचे दस्ते रुळलेले आहेत. पण त्या स्पर्धेची अट बघा. ऑलिम्पिकमध्ये ५० मीटरची पळत्या लक्ष्याची स्पर्धा १९७२ ते १९८८ आणि १० मीटरची १९९२ ते २००४ होती. वेगवान फेरीत लक्ष्य २.५ सेकंदच दिसतं, पण ते कुठून आणि कोणत्या वेगाने येणार हे आधी माहीत असतं. हात ग्रिपवर पक्का असतो, रायफल फक्त खालून खांद्याला आणायची असते. शिकारीत रायफल पट्ट्यावर असते, हात खिशात असतो, सावज उलट बाजूने येतं. तेव्हा अंगठा भोकात घालण्यातच वेळ जातो. शिवाय साधा उचल-खेच बोल्ट चालवताना हात भोकातून बाहेर काढून परत घालावा लागतो. सरळ खेचायच्या बोल्टवर हा तोटा कमी होतो, म्हणून हाक्याच्या (हाकारून सावज उठवायच्या) शिकारीत तिथे थंबहोल दिसतात. तुमची रायफल साधी बोल्ट अॅक्शन आहे, तेव्हा माझं मत मोकळ्या पिस्टल ग्रिपलाच. (१९०८ ते १९२४ च्या ऑलिम्पिकमध्ये १०० मीटरवर पळत्या हरणाची स्पर्धा असायची. स्वीडनच्या ऑस्कर स्वाननी १९१२ मध्ये ६४ व्या वर्षी तिच्यात सांघिक सुवर्णपदक मिळवलं. तेव्हा कुणाकडे वरखाली होणारा कॉम्ब नव्हता.)

पुढच्या हाताखालचा भाग, म्हणजे फोरएंड, लोक विसरतात. रुंद, सपाट तळाचा फोरएंड वाळूच्या पिशवीसाठी असतो. स्विंगसाठी तो निमुळता, अंडाकृती हवा. बोटं दोन्ही बाजूंनी वर यावीत पण दृष्टिरेषेत येऊ नयेत. डावा हात कुठे धरायचा ते ठरवून टाका. फार पुढे धरला तर हात ताणला जातो आणि लांब स्विंग अर्ध्यात संपतो. मॅगझीनला चिकटवला तर नळी झटकन फिरते पण लक्ष्याच्या पुढे धावते आणि डगमगते. कोपरात १२० ते १३० अंशांचा कोन राहील अशी जागा बहुतेकांना जमते. पट्ट्याचा पुढचा हुक फोरएंडच्या खाली असेल तर जोराच्या काडतुसात तो बोटांवर आपटतो. अशा रायफलीला हुक नळीवरच्या कड्यावर असलेला बरा.

वजन आणि तोल यांवर मतं पुष्कळ आहेत. माझं मत असं: स्कोपसह ३.५ ते ४ किलो. डोंगरावर वाहायला घेतलेली २.७ किलोची रायफल झटकन फिरते आणि तितकीच झटकन थांबते. हातातली जराशी चलबिचल तिच्या नळीवर लगेच उमटते. वर सांगितलेल्या ‘मागे’चं हे दुसरं मोठं कारण. तोल चापाच्या ११ ते १३ सेंमी पुढे, म्हणजे दोन हातांच्या मध्ये, यावा. तोल मागे असेल तर फोरएंडच्या पोकळीत १०० ते २०० ग्रॅम शिसं इपॉक्सीत बसवा. नळीला मात्र ते टेकू देऊ नका, गट बिघडेल. मॉडरेटर (आवाज कमी करणारं नळकांडं) वापरत असाल तर ३०० ते ४०० ग्रॅम थेट नळीच्या तोंडाशी येतात. तेवढं वजन तिथे आल्यावर नळी हलायला जड आणि थांबवायलाही जड होते. अशा वेळी ५० सेंमीची नळी ६० सेंमीपेक्षा कितीतरी बरी. तोल साधायला बटमध्ये वजन भरू नका. आकडा जुळतो, पण दोन्ही टोकं जड झाल्याने रायफल वळायला आळशी होते.

कामाचा क्रम असा ठेवा: दृष्टिरेषा, लांबी, कॉम्ब, पिच, कास्ट, ग्रिप, आणि तोल शेवटी. लांबी बदलली की गाल कॉम्बवर वेगळ्या जागी पडतो, म्हणून लांबी आधी आणि कॉम्ब नंतर. पॅड बदलला की लांबी आणि पिच दोन्ही बदलतात, म्हणून पॅड कोणता ते सुरुवातीलाच ठरवा. एका आठवड्यात एकच बदल करा. तीन गोष्टी एकदम बदलल्या की कशाने सुधारलं आणि कशाने बिघडलं ते कधीच कळत नाही.

बदल तपासायला गोळ्या लागत नाहीत. पुन्हा रिकामी रायफल, पुन्हा तीच खात्री. नळीला छोटी टॉर्च टेपने बांधा आणि भिंत-छताच्या सांध्याची रेषा एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत प्रकाशाने गिरवा. रायफल खालून उचलून खांद्यावर येत असतानाही प्रकाश रेषेवरून ढळता कामा नये. रोज २० वेळा डावीकडे, २० वेळा उजवीकडे. फोनवर बाजूने चित्रीकरण करा आणि एकच गोष्ट बघा: बट आधी खांद्याला लागतो की गाल आधी कॉम्बला? दोन्ही जवळजवळ एकदम लागायला हवेत. बट आधी लागून मग डोकं खाली जात असेल तर कॉम्ब अजून कमी आहे.

या सरावात एक फरक नक्की जाणवेल. उजव्या हाताच्या नेमबाजाचा दस्ता डावीकडे फिरताना गालावर दाबला जातो आणि उजवीकडे फिरताना गालापासून दूर जातो. उजवीकडे पळणारं लक्ष्य जास्त चुकतं त्याचं हे एक कारण. दस्त्यात त्याचा इलाज शोधू नका. इलाज पायात आहे: डावं पाऊल लक्ष्य जिथे पडावं असं वाटतं त्या दिशेला ठेवा, मग कंबर वळवून मागे लक्ष्याकडे या आणि तिथून स्विंग सुरू करा, हातांनी नव्हे तर कमरेने.

दुसरी गोळी. बोल्ट चालवताना गाल कॉम्बवरून हलत असेल तर पहिल्या गोळीसाठी केलेली सगळी मेहनत दुसरीला उपयोगी पडत नाही. रिकाम्या रायफलीवर बोल्ट ओढताना गालाखाली एक कागद ठेवा. तो पडला तर एकतर बोल्टची मूठ हाताला लांब आहे, नाहीतर दस्ता अजून लांब आहे, किंवा बोल्टचं टोक नाकाजवळ येतंय म्हणून तुम्ही मान मागे घेताय. शेवटची शक्यता उंच कॉम्बवर बरीच असते.

मैदानावर पहिल्यांदा उभ्या लक्ष्यावर, २५ मीटरवरून, बंदूक खाली धरून सुरुवात करा. इशारा मिळाला की खांद्याला लावा आणि दीड सेकंदात मारा. दहा गोळ्या. गट मध्यापासून सरकलेला असेल तर तो दस्त्याचा निरोप समजा, स्कोपचे स्क्रू फिरवू नका. सतत डावीकडे म्हणजे कॉम्ब जाड किंवा कास्ट कमी. उघड्या साईटवर सतत वर म्हणजे कॉम्ब उंच, सतत खाली म्हणजे कॉम्ब कमी. गट नुसता पसरलेला, कशातच मेळ नाही, तर पुन्हा लांबी आणि पॅड बघा, कारण बट दर वेळी वेगळ्या जागी बसतोय. हा गट हाताच्या पंज्याएवढा झाला की मगच पळत्या लक्ष्याकडे जा, आणि तेही मागे मातीचा भक्कम बांध असलेल्या रेंजवर. जिथे कायद्याने शिकारीला परवानगी आहे तिथेही, सावजावर पळता नेम धरायचा तो या रेंजवर पाचपैकी चार गोळ्या छातीच्या वर्तुळात बसायला लागल्यावरच.

तुमच्या रायफलीपुरतं सांगायचं तर नवा दस्ता अजून विकत घेऊ नका. स्कोप १ पटावर परत बसवा, जॅकेट घालून लांबी तपासा, पॅडचं वरचं टोक गोल करा, कॉम्बवर फोमचे थर चढवून उंची शोधा. एवढ्यानेही मनगट मुरडत राहिलं, आणि सध्याची ग्रिप उभी असली, तरच दस्ता बदला. तेव्हा हातात सगळी मापं असतील आणि कारागिराला ‘चांगला बनवा’ म्हणण्याऐवजी आकडे देता येतील.